तांड्यावरची एबीसीडी

शिकवणाऱ्या बाईच्या घरी दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत, खडूची भुकटी आणि किस्से. हे किस्से फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावरचे. तिथे दुपारी मी बायकांना इंग्रजीची एबीसीडी शिकवायचे. वर्ग एका संस्थेचा आणि जागा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, रामधन यांची ओसरी.

*

पहिल्याच दिवशी तक्ता फसला. ॲपलपर्यंत ठीक होतं. इग्लूचं चित्र बघून गीताबाई म्हणाली, "बाई, हे ढोराइचं कुटार भरायचं घर हाय का?"

मी तक्ता गुंडाळला आणि तांड्यावरच्याच माणसांची नावं घेतली. जी म्हणजे गीता, एस म्हणजे सीमा, आर म्हणजे रामधन. बाजेवर बसलेले नायक खूश झाले. माझ्या हुशारीवर मीही खूश होते.

*

आठवड्याभरानं सीमाला उभं केलं. ही नायकांची धाकटी सून, वर्गात सगळ्यात चलाख. भराभर क्यूपर्यंत आली आणि पुढे थेट एस.

"मधलं एक राहिलं," मी म्हटलं.

तिनं पदर पुढे ओढला. गीताबाई माझ्या कानाशी लागली. "सासऱ्याचं नाव सून कशी घेईन, बाई?"

"अगं, ते नाव नाही, अक्षर आहे!"

"त्या दिवशी तुम्हीच तं देऊन टाकलं त्याइले."

*

मग मी आर म्हणजे रेडिओ केला, रिक्षा केली, रस्ता केला. छे! आर नायकांचा झाला तो झालाच. सीमा तो पाटीवर सुरेख काढायची, पण तोंडातून शब्द नाही. असल्या रीतींनी माझं डोकं आधीच फिरतं, त्यात हे.

तेवढ्यात निरोप आला, संस्थेच्या मॅडम परीक्षा घ्यायला येणार. शेजारच्या गावात एक बाई एमवर अडखळली तर त्यांनी "थँक यू" म्हणून वर्गच उचलला होता.

सीमाचा चेहरा उतरला. तिची मुलगी पहिलीत होती. "पोरगी पुस्तक लपवते माह्यापासून," ती म्हणाली. "म्हणते, याडी, राहू दे, तुले येत नाही. वर्ग बंद नोका होऊ देऊ, बाई." याडीला, म्हणजे आईला, असं म्हणणाऱ्या त्या पोरीचाही मला राग आला.

*

मी नायकांना गाठलं. "उद्या दुपारी जरा शेताकडे जाता का?" मनात म्हटलं, हे समोर नसले तर कदाचित सुटेल तिची जीभ.

"माह्याच ओसरीतून मी कायले जाऊ?" नायक म्हणाले.

*

मॅडम आल्या. बायकांवरून नजर फिरवली आणि बोट नेमकं सीमाकडे केलं.

"ए, बी, सी..." सीमानं सुरुवात केली. माझ्या हातातला खडू मोडला. "ओ, पी, क्यू." आणि थांबली.

सीमाच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. गेला वर्ग, मी मनात म्हटलं.

"आर," बाजेवरून खणखणीत आवाज आला.

"एस, टी, यू, व्ही..." सीमा सुटली ती झेडलाच थांबली.

मॅडम मागे वळल्या. नायक मान खाली घालून सुपारी कातरत होते.

"हे कुठे शिकले?" मॅडमनी मला विचारलं.

"इथेच. रोज बसून असतात."

मॅडमनी हजेरीवही उघडली. मग म्हणाल्या, "मग वर्ग राहू दे. यांचंही नाव लिहून घेते." आणि सीमाकडे वळल्या. "काय गं नाव यांचं?"

सीमानं पदर पुढे ओढला.

"क्यूच्या नंतरचे," ती म्हणाली.