मामांनी आणलेलं स्थळ

लोणारला एका कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी दारू सोडलेल्यांची बैठक भरायची. बियाण्याच्या थैल्यांवर बसायचं, फवारणीच्या औषधाचा वास डोक्यात जायचा. बाकीचे बहुतेक कापूसवाले. बीटीचं बियाणं आलं तेव्हा बोंडअळी गेली म्हणून नाचले, मग गुलाबी अळी आली आणि हे बाटलीला लागले. मी सुलतानपूरच्या शाळेत बाबू, मला अळीचंही निमित्त नव्हतं. माझी पाळी आली की मी एवढंच म्हणायचो, "एकटा पडलो, म्हणून पेलो." मला पुरुष आवडतात हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आता या भल्या माणसांनी काय करावं? एकटा म्हटल्यावर माझं लग्न जमवायला घेतलं! आमच्यातले सगळ्यात जुने, त्यांना सगळे मामा म्हणायचे. सुरुवातीला माझे हात थरथरायचे तेव्हा पाण्याचा गिलास तेच माझ्या तोंडाला लावायचे. एका मंगळवारी ते खुशीत येऊन म्हणाले, "अबे, रविवारी पिंपळगाव राजाले जाऊ. माह्यी भाची हाय. बहीण म्हणते, कापूसवाल्याले पोरगी देत नाही, नोकरीवालाच पाह्यजे. मी तुह्यं नाव सांगतलं."

सगळे हसले. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी पेढे मागितले. मला रडू येत होतं. हो म्हटलं तर त्या पोरीच्या जन्माचं मातेरं. खरं सांगितलं तर ही खोली गेली, आणि खोली गेली की बाटली आलीच, माझं मला ठाऊक होतं. पण लपवायचा इतका कंटाळा आला होता, की धीरबीर काही गोळा केला नाही, नुसतं तोंडातून निघून गेलं.

"मामा, मले बाया नाही आवडत. माणसंच आवडतात. त्याच्यापायीच पेत होतो."

एकजण उठून गेला, तो परत कधी आला नाही. "काऊन आधी नाही सांगतलं बे?" मामा म्हणाले, आणि खिशातून मोबाइल काढला. मला वाटलं, झालं, आता गावभर बोभाटा.

फोन बहिणीला लावला होता. "बाई, रविवारचं राहू दे. ते पोरगं अजून पेऊन राह्यलं. हाव, नोकरी हाय, पण सुटली नाही त्याची. आपल्या पोरीले कायले खड्ड्यात टाकाचं?"

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "दुसरं काय सांगू तिले?"

"बरोबर सांगतलं, मामा," मी म्हणालो.

झालं. पिंपळगाव राजात आणि मग फिरत फिरत सुलतानपुरात मी पक्का बेवडा ठरलो. हेडमास्तर बोलता बोलता जवळ येऊन माझं तोंड हुंगायचे. इतकी मरमर करून सोडलेली दारू एक थेंब न घेता पुन्हा चिकटली, याचा भयंकर राग यायचा. मामांवरही यायचा. तरी दर मंगळवारी लोणारची बस धरायचो. मी पीत नाही, हे त्या खोलीतल्यांशिवाय कुणालाच खरं वाटत नव्हतं.