सूचनावहीतली सही

आमच्या कॉन्व्हेंट शाळेचा शिपाई सूचनावही घेऊन आला की दारातूनच म्हणायचा, "काई नाई मॅडम, सुट्टीचीच नोटीस हाये." तरी पूर्ण वाचल्याशिवाय सही करू द्यायचा नाही. सगळ्यांच्या शेवटी स्वतःची ठसठशीत सही ठोकायचा.

निकालाच्या दिवशी मात्र तो दारात न थांबता सरळ माझ्या टेबलाशी आला. पुढच्या वर्षीपासून मराठी माध्यमाच्या तुकड्या बंद होणार, अशी कुजबुज महिनाभर चालू होती. माझ्या तुकड्या त्याच. त्याने वही उघडली, मजकुरावर पंजा ठेवला आणि माझ्या हातात पेन दिलं.

"आधी सही करून टाका, मॅडम. वाचल्यावर हात कापते."

पंजाच्या खालच्या ओळीत एकच सही दिसत होती. त्याची. ओळखूच येत नव्हती.