लुवियन तोंडं आणि हेमाची दिशा

माझी बायको हेमा बिबवेवाडीत लग्नपत्रिका सजवते. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं नटवली, स्वतःचं कुठे छापून आलं नाही. त्यामुळे लुवियन लिपीच्या फॉन्टचं काम आलं तेव्हा ती हरखूनच गेली. संशोधकांना फॉन्ट पसंत पडला तर त्यावर तिचं नाव येणार होतं!

लुवियन ही भाषा आताच्या तुर्कस्तानात तीन हजार वर्षांपूर्वी बोलली जायची. लिपी चित्रांची: हात, पाय, प्राणी, माणसांची तोंडं. संगणकात प्रत्येक चित्राला क्रमांक मिळालाय, पण आकार कुणीतरी काढायला हवा. ते 'कुणीतरी' आमच्या घरात! मी शेजारीपाजारी सांगत सुटलो. समोरच्या श्यामरावांनी शांतपणे विचारलं, "मुहूर्त कधीचा?"

संशोधकांनी पाठवलेल्या चिन्हांच्या नमुन्यातली सगळी तोंडं डावीकडे बघत होती. पत्रिकेचा नियम असा, की चित्रानं मजकुराला पाठ दाखवू नये, आणि मजकूर तर उजवीकडे. "अहो, यांनी उलटंच छापलंय," म्हणत हेमानं कपाळाला हात लावला आणि महिनोन् महिने खपून पाचशेच्या वर चिन्हं उजवीकडे वळवून काढली.

फॉन्टचा तांत्रिक भाग भाचा पुष्कर बघत होता. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. संशोधकांना दाखवायच्या दिवशी सकाळी त्यानं एक ओळ टाइप केली आणि नमुन्याशी ताडून पाहिली.

"मामी, या लिपीतली तोंडं ओळीच्या सुरुवातीकडे बघतात; आपली शेवटाकडे बघतायत. सगळं रिजेक्ट होईल गं."

मला तर संतापच आला. एवढ्या वर्षांत एकाही लुवियन माणसाला सरळ बघायचं सुचू नये?

हेमा मात्र संशोधकांनीच पाठवलेल्या शिलालेखाच्या फोटोवर वाकली होती. "पुष्कर, ही खालची ओळ बघ. इथे उजवीकडेच बघतायत की!"

"ती ओळ उजवीकडून डावीकडे जाते. नांगराचे बैल शेताच्या टोकाला वळून परत येतात ना, तसं. त्या ओळींसाठी उलटा संच वेगळा काढावा..."

"तो तर झालाय!" हेमा किंचाळलीच.

डावीकडे बघणारा संच पुष्करनं हेमाचीच चिन्हं आरशात धरल्यासारखी उलटवून तयार केला. संगणकाला त्यात कसले आलेत कष्ट! घाबरण्याच्या भरात तेही सुचलं नव्हतं. दुपारी कॉल लागला. पडद्यावर एक ओळ गेली, दुसरी उलटी परत आली. पलीकडच्या संशोधक बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, फॉन्टवर नाव काय घालायचं?

हेमानं पदर डोळ्यांना लावला. मला कुठला धीर! मी ओरडलो, "हेमा! हेमा लिहा!"

"थांबा हो," डोळे पुसत ती म्हणाली, "माझं नाव मला सांगू द्या."