आधी थांब, मग वळ

२००१ च्या मे महिन्यात, नाशिकरोडच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमधले हवालदारसाहेब परीक्षेत नापास झाले. देवळालीच्या लष्करी कॅम्पातून निवृत्त झाल्यावर त्यांना शाळेत नोकरी मिळत होती, ती या सर्टिफिकेटवाचून अडली होती.

परीक्षेसाठी प्रत्येकाला एक गेम बनवायचा होता. त्यांच्या गेममधला शिपाई दिशा बदलताना आधी थांबायचा, मग वळायचा, मग चालायचा. साहेब बटण दाबताना कवायतीतल्यासारखं "थम" असं पुटपुटायचे. तेवढ्यात, शिपाई शेवटच्या दारात पोहोचायच्या आत, दुश्मन त्याला गाठायचा.

"काका, त्याला चालता चालता वळू द्या ना," मी म्हणालो.

"चालता चालता म्हशी वळतात."

फेरपरीक्षेतही शिपाई तसाच वळत होता. साहेबांनी दुश्मनालाही तीच कवायत शिकवली होती. परीक्षकांसमोर प्रत्येक वळणावर दोघंही थांबले. शिपाई आधी दारात पोहोचला आणि साहेब पास झाले.