झुंबर आणि वांगी

आमच्या घरात झुंबर आलं, त्या साली मी नुकतीच नांदायला आले होते. अमरावतीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव. घर मातीच्या भिंतींचं, आढं इतकं खाली की घरधनी पागोटं काढूनच आत यायचे. त्यांनी अमरावतीला कापूस विकला, तिथूनच परस्पर अकोल्याला गेले आणि चार दिवसांनी गाडीत कडबा भरून आले. कडब्यात हात घातला तर आत काचेचे लोलक. बंगल्यात टांगायचं झुंबर होतं ते. आमच्या आढ्याला टांगल्यावर ते माझ्या छातीपर्यंत आलं.

सासूबाई देवाला दिवा लावायला उठल्या की त्यांचं डोकं त्याला लागायचं आणि घरभर किणकिण व्हायची. मोठी जाऊ आणि मी पदर तोंडात कोंबून हसायचो. जाऊ माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, भासरे, म्हणजे तिचे धनी, वारल्यापासून याच घरात राहणारी. लग्न होऊन आले तेव्हा मला तिची भीती वाटायची. झुंबराखाली हसता हसता ती भीती गेली.

तेव्हा सगळं वऱ्हाडच असं हवेत चालत होतं. समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. एकाने घोडा आणला, पण त्याच्यावर बसायला घरातलं कोणी धजेना, मग तो घोडा नुसता गावभर मिरवत नेत. मी कोणाला कशाला हसू? मीही पाटल्यांची वाट पाहत होते. पुढच्या पिकावर पाटल्या करू, असं घरधन्यांनी कबूल केलं होतं.

झुंबर पाहायला पाहुणे येऊ लागले आणि तिथेच घोळ झाला. त्यांना खायला काय घालायचं? गावात ज्याने त्याने बांधापासून बांधापर्यंत कापसाची पऱ्हाटी लावली होती. परसातसुद्धा पऱ्हाटी. सांबार, म्हणजे कोथिंबीर, नाही, मेथी नाही, हिरवी मिरची औषधालाही नाही. एकदा सासूबाईंनी आम्हा दोघींना वांगी आणायला पाठवलं. अख्खं गाव पालथं घातलं तेव्हा एका म्हातारीकडे दोन वांगी मिळाली, तीही तिने असा भाव सांगून दिली की जावेने ती तान्ह्या लेकरासारखी पदरात गुंडाळून घेतली. वाटभर आम्ही त्या वांग्यांना जोजवत आलो. घराजवळ आल्यावर ती एकदम थांबली.

"आपल्या विहिरीजवळची पट्टी," ती म्हणाली, "आपण मागून घेऊ."

पेरणीला अजून अवकाश होता. त्या संध्याकाळी घरधनी जेवताना मीच विषय काढला. पाटल्या नकोत, म्हटलं, विहिरीकाठची पट्टी द्या. त्यांना ती थट्टाच वाटली. तेवढ्या जागेत कापूस किती होतो ते त्यांनी मला समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच मागितलं.

"घे," ते शेवटी म्हणाले. "पण बियाले पैसा मागायचा नाही. बुडालं तं तुमचं, तरलं तं तुमचं."

"आमचंच," मी म्हटलं.

हा शब्द मी तोवर कधी उच्चारला नव्हता. माहेरी सगळं वडलांचं, सासरी सगळं धन्याचं. बुडालं तरी आमचं! मला रात्री झोप लागेना. शेवटी शेजारी निजलेल्या जावेने मला कोपराने ढोसलं आणि ती म्हणाली, आधी पेर तरी.

पहिली मेथी बुडालीच. वीतभर वाढली होती आणि आमच्याच बैलाने एका दुपारी सगळी चरून टाकली. मी बैलाला शिव्या दिल्या, गड्याला दिल्या, दावं वळणाऱ्यालाही सोडलं नाही. जाऊ वाफ्यात बसून मुळं चाचपत होती. ती म्हणाली, "बैल बैलासारखा वागला. कुंपण आपण नाही केलं." मला राग आला आणि मग हसूही आलं, कारण खरंच दुसरं कोणी उरलं नव्हतं ज्याला शिव्या द्याव्यात. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाभळीच्या काट्या ओढून आणल्या. हात सोलून निघाले. कुंपण असं झालं की आम्हालाच आत जायला वाट सापडेना.

थंडीत वांगी लागली. जांभळी, काटेरी देठांची, तेल लावल्यासारखी चकचकीत. बडनेऱ्याकडे तेव्हा आगगाडीच्या रस्त्याचं काम चाललं होतं. हजारो माणसं माती टाकत होती आणि त्यांना भाकरीशी खायला काही मिळत नव्हतं. आम्ही गावातल्या एका गाडीवाल्याबरोबर टोपल्या घेऊन गेलो. मला ओरडून माल विकायची लाज वाटत होती, पण ओरडायची वेळच आली नाही. टोपली उतरवायच्या आत माणसांचं कडं पडलं. वांगी संपली, मिरच्या संपल्या, एकाने तर टोपलीत अंथरलेला पालासुद्धा मागितला.

परतताना आम्ही जिलेबी घेतली आणि गाडीच्या मागे पाय सोडून खाल्ली. जावेने बऱ्याच वर्षांत असं उघड्यावर बसून काही खाल्लं नव्हतं. पाक कोपरापर्यंत ओघळला. बियांचे पैसे मात्र आधीच लुगड्याच्या वेगळ्या गाठीत बांधले होते. ती गाठ जिलेबीच्या दुकानात सोडायची नाही, हे आमचं ठरलं होतं.

घरधन्यांनी त्या वर्षीचा कापूस विकला नव्हता. भाव आणखी चढेल म्हणून तो घरातच रचून ठेवला होता. आम्ही कापसावर झोपायचो, कापसावरून चढून चुलीकडे जायचो. होळीनंतर बातमी आली की ती लढाई थांबली. भाव असा कोसळला की व्यापारी कापसाकडे बघेनात.

घरधनी तीन-चार दिवस ओट्यावर बसून होते. दलालाने फसवलं, म्हणाले. अकोल्याच्या व्यापाऱ्याने थांबा म्हणून सांगितलं होतं, म्हणाले. मग ते त्या लढणाऱ्या लोकांवर घसरले.

"आणखी एक साल लढले असते तं काय बिघडलं असतं त्यायचं?"

मला हसू आवरेना. माणसं मरत होती तिकडे, आणि आमचा धनी त्यांच्यावर रुसला होता. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मी जवळ जाऊन बसले.

"लढाई त्यायची होती," मी म्हटलं. "वावर आपलं हाय. त्यात काय पेरायचं ते आपणच ठरवलं ना?"

ते संध्याकाळी उठले, झुंबर खाली उतरवलं, पुन्हा कडब्यात बांधलं. पडेल त्या भावात कापूस आणि झुंबर दोन्ही विकून आले. देणं कोणाचं राहिलं नाही, एवढंच. या खेपेला ते कोणावर चिडले नाहीत, हे मला जास्त आवडलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. आत यायची वाट त्यांनाही सापडत नव्हती.

"वयनी," त्यांनी जावेला विचारलं, "तुमच्याकडे गड्याले काम हाय का?"

जाऊ वाकून तण काढत होती. तिने मानही वर केली नाही. "मोट धरता येते का?" म्हणाली.

पेरणीच्या वेळी त्यांनी आम्हा दोघींना बसवून विचारलं. निम्म्यात पऱ्हाटी ठेवली, बाकीच्यात ज्वारी आणि तूर टाकली, आणि विहिरीची पट्टी रुंद केली. माल विकायलाही ते आमच्याबरोबर येऊ लागले. त्यांचा आवाज असा खणखणीत निघाला की शेजारचे भाजीवाले तक्रार करू लागले. अमरावतीच्या बाजारात एकदा एका बाईने वांगं हातात घेऊन त्यांना विचारलं, भाव कमी करता का.

"मले काय विचारता?" ते म्हणाले. "मालकिणी ह्या दोघी. मी तं गडी हावो."

ती बाई आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. जाऊ आणि मी इतक्या हसलो की तागडी हातात ठरेना, आणि त्या बाईला वांगी थोडी जास्तच गेली.