बँकॉकमध्ये सहा चपला

घाटकोपरच्या रत्नप्रभा साळवींची देवळाबाहेर आजवर एकही चप्पल चोरीला गेलेली नाही. दर मंगळवारी गणपतीला जाताना बिल्डिंगमधल्या बायका त्यांच्यावर चपला सोपवून निर्धास्त आत जातात. बाईंची युक्ती साधी. एक चप्पल या कोपऱ्यात, दुसरी त्या कोपऱ्यात. एकच चप्पल नेऊन चोर करणार काय?

यंदा लेक देवेश आणि सून जान्हवी त्यांना बँकॉकला घेऊन आले. नदीकाठच्या जुन्या देवळापाशी जान्हवीने नवे चंदेरी सँडल काढले. संध्याकाळी शहराच्या नव्या भागातल्या उंच काचेच्या इमारतीत जेवायला जायचं, म्हणून खास घेतलेले.

"तुम्ही व्हा पुढे. चपलांचं मी बघते," बाई म्हणाल्या.

"आई, इथे रॅक आहे ना," देवेश म्हणाला.

"रॅक चोरालाही दिसतो रे."

सहा चपला सहा ठिकाणी गेल्या. आत सोनेरी बुद्धापुढे बाईंचं मन इतकं शांत झालं की बाहेर पडल्या त्या भलत्याच दाराने. बघतात तर प्रत्येक कोपऱ्यात तोच दगडी सिंह, तीच कुंडी. फरशी तव्यासारखी तापलेली. तिघंही उड्या मारत शोधू लागले. चार सापडल्या. जान्हवीचा एक सँडल आणि बाईंची एक रबरी चप्पल काही मिळेना.

"झकास. आता मी लंगडी घालत जेवायला जाते," जान्हवी म्हणाली.

बाई पुन्हा एकेका कुंडीमागे वाकून बघू लागल्या. सँडल गेला तर गेला, पण पुढच्या सहलीला आपल्याला कोण नेतंय? त्यांनी गणपतीला नारळ बोलला. मग जागा बुद्धाची आहे हे आठवून त्यालाही हात जोडले.

तेवढ्यात झाडू मारणाऱ्या बाईने त्यांना खूण केली. तिने इकडेतिकडे पडलेल्या दोन चपला उचलून रॅकवर नीट जोडीने मांडल्या होत्या. चंदेरी टाचेचा सँडल, आणि शेजारी रबरी चप्पल.

जान्हवी हसत सुटली, ती तिथेच पायरीवर बसली. बाई मात्र खालमानेने चपला घालून निघाल्या.

संध्याकाळी त्या नव्या भागात एका मॉलसमोर चक्क गणपती दिसला. बाई लांबूनच नमस्कार करून पुढे चालल्या होत्या. जान्हवीने त्यांना थांबवलं, एक सँडल काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, हा तुम्ही लपवा. दुसरा मी लपवते. देवेशला कळू द्यायचं नाही."