बस नंबर एक

मी बसमध्ये बसून होतो. एसी चालू होता. हातातल्या वॉकीटॉकीवर विल्सनचा आवाज येत होता आणि तो चुकीचा व्हॉल्व्ह उघडायला निघाला होता. मला खाली उतरायची परवानगी नव्हती, कारण कागदावर मी देश सोडून गेलो होतो.

ओमानमधल्या सोहारजवळच्या आमच्या प्लांटमध्ये समुद्राचं पाणी गोडं व्हायचं. मोठ्या दाबाने ते मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिशय बारीक गाळणीतून ढकलायचं. मीठ मागे राहतं. आसपासची गावं तेच पाणी पीत. मी तिथे ऑपरेशन्स मॅनेजर होतो. त्या वर्षी शेजारच्या येमेनमध्ये युद्ध पेटलं आणि मस्कतमधल्या कुरुमच्या हेड ऑफिसला अचानक जाग आली. त्यांनी एक कन्सल्टंट पाठवला. त्याच्या फॉर्ममध्ये आग होती, चक्रीवादळ होतं आणि शेवटचा रकाना होता परकीय सैन्याच्या आक्रमणाचा. गुरुवारपर्यंत भरून द्या, म्हणाला.

मी वैतागलो. एवढासा देश, परकी फौज किनाऱ्यावर उतरली तर त्याने काय करायचं, हे माझ्यासारख्या चिपळूणच्या सावंतने ठरवायचं? कन्सल्टंटचं उत्तर तयार होतं. प्लांट निकामी करायचा आणि निघायचं. शत्रूला पाणी मिळता कामा नये.

आमचा प्लांट मॅनेजर नासर ओमानी होता, फार बोलायचा नाही. त्याने फॉर्म बाजूला सारला.

"फौज आपलं पाणी टँकरने आणते, सावंत. माझ्या आईकडे टँकर नाही."

मग ठरलं, की जमेल तोवर प्लांट चालवायचा. अगदीच वेळ आली तर नीट बंद करायचा, म्हणजे पुन्हा सुरू करता येईल. मेम्ब्रेनमध्ये खारं पाणी साचून राहिलं की त्या खराब होतात, म्हणून बंद करताना त्या गोड्या पाण्याने धुवाव्या लागतात. याला फ्लशिंग म्हणतात. त्यासाठी चार माणसं मागे राहायला हवीत. नावं मी लिहायची होती.

मी नासरचं लिहिलं, दोन ओमानी ऑपरेटरांची लिहिली आणि चौथं विल्सनचं. विल्सन वसईचा. त्याची बायकोमुलं तिकडेच, हा इथे एकटा. माझी बायको आणि मुलगी इथेच, मस्कतजवळच्या अल हैलला. माझ्या नावापुढे मी लिहिलं, 'कुटुंब ओमानमध्ये, बस नंबर एक', म्हणजे देशाबाहेर जाणारी पहिली बस. कारण वाचायला चांगलं वाटत होतं. खरी गोष्ट अशी, की आमच्या जुन्या लाइनवर फ्लशिंग हाताने करावं लागे आणि त्याचा क्रम फक्त माझ्या डोक्यात होता. लिहून काढतो, लिहून काढतो, असं मी सहा वर्षं म्हणत होतो.

नासरने यादी वाचली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. कन्सल्टंटला उत्साह आला. त्याच जुन्या लाइनवर खरंखुरं ड्रिल ठेवलं.

मी बसमध्ये जाऊन बसलो. वॉकीटॉकीवर विल्सनने विचारलं, "सावंत सर, आधी खारं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह उघडू की फ्लशचा?"

मी बटण दाबायला गेलो. बसच्या दारात उभ्या कन्सल्टंटने नकारार्थी मान हलवली. पलीकडून विल्सन स्वतःच म्हणाला, "हां, सर तर गेले."

त्याने फ्लश उघडला. खारं पाणी बाहेर जायची वाट बंदच होती. दाब चढला. मी धावत पोहोचलो तेव्हा एका रांगेतल्या मेम्ब्रेन फाटलेल्या होत्या.

रिपोर्टमध्ये कारण आलं, 'ऑपरेटरची चूक'. खाली सुपरवायझरची सही हवी होती. मी केली. विल्सनचं कॉन्ट्रॅक्ट दोन महिन्यांनी संपणार होतं, हे मला माहीत होतं.

तो भांडला नाही. वॉर्निंग लेटर हातात घेऊन फक्त म्हणाला, "मी मागे थांबलो म्हणून चुकलो, सर. तुम्ही कसे चुकणार? तुम्ही नव्हताच."

दुसऱ्या दिवशी मी नासरकडे गेलो आणि क्रम कधी लिहिलाच नव्हता, हे सांगितलं.

"हे तू काल सही करताना का नाही बोललास?" तो चिडून म्हणाला. "रिपोर्ट कुरुमला गेला. खलास."

तरी विल्सनसाठी त्याने कुरुमला दोनदा पत्र पाठवलं. मीही पाठवलं. कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. विल्सन वसईला परत गेला.

तो क्रम लिहायला मला एक दुपार लागली. दोन पानं झाली. ती कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावली. मागे राहणाऱ्यांच्या यादीत आता माझं नाव पहिलं आहे.

फौज काही आली नाही. त्यानंतर कुठलीही आपत्कालीन योजना तपासायला आली, की मी नकाशे आणि तक्ते नंतर बघतो. आधी बघतो, लिहिणाऱ्याने स्वतःला कुठे बसवलंय.